माहेरची खोट की दोघांचा वारसा?

(सारसोळे, नेरूळ येथे परिसरातल्या महिला मंडळांच्या व बचत गटांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला विषय दिला होता 'बाईचं आरोग्य'. हा विषय एवढा मोठा आहे की त्यात काहीही बसतं. बहुतेक वेळा पाहुणी बाई येते, लोहाच्या गोळ्या घ्या, हिरव्या पालेभाज्या खा असं सांगते आणि चहा पिऊन जाते. पालेभाजी आणि मासळी यांबद्दल सारसोळ्याच्या बायकांना मी काय सांगणार? मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. म्हणून आज एका रसायनाबद्दलच बोलणार आहे. नाव तुम्ही टीव्हीवर ऐकलेलं आहे – डीएनए. गुन्हेगार पकडायला, बाप कोण ते ठरवायला त्याचा उपयोग होतो हे मालिकांमुळे घराघरांत पोचलंय. मला मात्र त्याच्याबद्दल बोलायचं आहे ते एका प्रश्नामुळे. आपल्याच एका गटात एकीनं मला विचारलं, "बाई, आईला छातीचा कॅन्सर होता. मोठ्या बहिणीलाही झाला. आता मुलीचं जमतंय, तिकडच्या लोकांना सांगायचं का?" मी काही बोलण्याआधीच शेजारची म्हणाली, "गप बस. माहेरची खोट कुणी सांगत फिरतं का?"

'माहेरची खोट' या शब्दावर मी बरेच दिवस विचार करते आहे. या खोटेचं रसायनशास्त्र काय आहे ते बघू.

सुरुवात एका बाईपासूनच करू. रोझालिंड फ्रँकलिन. जन्म १९२०, लंडन. ती जीवशास्त्रज्ञ नव्हती, रसायनशास्त्रज्ञ होती. डॉक्टरेट केली ती कोळशावर. कोळशाच्या आत किती बारीक छिद्रं असतात, त्यातून वायू कसा जातो, असं तिचं काम. मग पॅरिसला जाऊन क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना कशी शोधायची ते शिकली. १९५१ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली आणि डीएनएचे धागे तिच्या हाती आले. इथे तिनं काय केलं ते नीट समजून घ्या, कारण पुस्तकांत 'एक फोटो काढला' एवढ्यावर तिची बोळवण करतात. तिनं धाग्याभोवतीच्या हवेतला ओलावा मोजूनमापून कमीजास्त केला आणि दाखवलं की डीएनए दोन रूपांत असतो, एक कोरडं रूप आणि एक ओलं. तोवर लोक दोन्ही रूपांची सरमिसळ झालेले धागे घेऊन फोटो काढत, मग ते धूसर येणार नाहीत तर काय? तिनं रूपं वेगळी केली. फॉस्फेटचा कणा बाहेरच्या बाजूला असला पाहिजे हेही तिनं रसायनशास्त्राच्या आधारे सांगितलं. १९५२ च्या मे महिन्यात तिच्या हाताखाली काम करणाऱ्या रेमंड गॉसलिंगनं ओल्या रूपाचा जो फोटो घेतला, तो पुढे 'फोटो ५१' म्हणून गाजला.

जानेवारी १९५३ मध्ये हा फोटो तिचा सहकारी मॉरिस विल्किन्स यानं केंब्रिजच्या जेम्स वॉटसनला दाखवला. तिला न विचारता. तिच्या मोजमापांचा एक अहवालही केंब्रिजला वॉटसन आणि क्रिक यांच्या हाती पोचला. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये दुहेरी पीळ जगापुढे आला, पहिला लेख त्या दोघांचा आणि तिचा तिसरा. आपल्याकडे लगेच 'फोटो चोरला' असं म्हणतात. मी तो शब्द वापरणार नाही. फ्रँकलिन ती जागा सोडून चालली होती, काम विल्किन्सकडे जाणार होतं, फोटो त्याच्या हाती रीतीनंच आला होता. आणि एका फोटोवरून सगळं उलगडलं अशी गोष्ट सांगितली की तिची दोन वर्षांची मोजमापं पुन्हा झाकली जातात. २०२३ साली 'नेचर'मध्येच दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं काढून मांडलं की ती फसवली गेलेली बिचारी नव्हती, या शोधातल्या चौघांपैकी बरोबरीची एक होती. मला हे जास्त पटतं. बाईला बिचारी करणं हीसुद्धा तिचं श्रेय कमी करण्याची एक रीत आहे.

१९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. ती चार वर्षांपूर्वीच गेली होती. १९५८ साली, सदतिसाव्या वर्षी, बीजकोशाच्या कॅन्सरनं. तिच्या मागे वॉटसननं १९६८ साली जे पुस्तक लिहिलं त्यात ती लिपस्टिक लावत नाही, चष्मा काढला तर कशी दिसेल, अशा गोष्टी आहेत. शास्त्रज्ञ बाईबद्दल लिहिताना!

हे परदेशातलं झालं असं समजू नका. आपल्या मुंबईच्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकानं घेऊन १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून नाकारला. नोबेल मिळालेला माणूस. कमलाबाईंनी सत्याग्रह केला. मग अटी घालून घेतलं: वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक म्हणतील तर रात्रीही काम करावं लागेल, प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. त्यांनी ते वर्ष काढलं, पदवी घेतली आणि त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या, १९३९ साली डॉक्टरेट घेऊन परत आल्या. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय बायकांपैकी एक. १९३८ साली रोझालिंड फ्रँकलिन शिकायला आली ती याच न्यूनहॅम कॉलेजात. आणि त्या काळी केंब्रिज बायकांना शिकू देत होतं, परीक्षेला बसू देत होतं, पण पुरुषांच्या बरोबरीची पदवी देत नव्हतं. ती दिली १९४८ पासून. कमलाबाईंनी पुढे मुंबईत येऊन ताडाच्या नीरेवर काम केलं, कुपोषित आदिवासी गरोदर बायकांना तिचा काय उपयोग होतो ते तपासलं. त्यांच्यावर एक वेगळी बैठक घ्यायला हवी, आज पुढे जाते.

आता वारसा. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचे सेहेचाळीस धागे गुंडाळून ठेवलेले असतात, तीच गुणसूत्रं. तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून. अशा तेवीस जोड्या. एकेक धागा म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. आईची एक माळ, बापाची एक, दोन्हींत मण्यांचा क्रम तोच, फक्त काही मण्यांचा रंग वेगळा. आता तुम्ही तुमच्या मुलाला यातली कुठली माळ देता? लोकांना वाटतं, एक तर आईची नाही तर बापाची. तसं नाही. बीज तयार होताना दोन्ही माळा शेजारी शेजारी येतात, एकाच जागी तुटतात आणि एकमेकींचे तुकडे घेऊन पुन्हा जोडल्या जातात. मुलाला जाते ती नवीन माळ, अर्धी इकडची अर्धी तिकडची. यालाच जनुकीय पुनर्संयोजन म्हणतात. म्हणून तर सख्ख्या बहिणींचे चेहरे, रंग, उंची वेगळी.

ही अदलाबदल खरोखर होते, नुसती कल्पना नाही, हे डोळ्यांनी दाखवलं तेही दोन बायकांनी. १९३१ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी मका घेतला. मक्याच्या एका गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला जादा तुकडा चिकटलेला, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून ओळखू येईल अशी दोन्हीकडे खूण. दाण्याचा रंग आणि दाण्यातल्या पिठाची जात हे दोन गुण त्याच गुणसूत्रावर. जिथे दाण्याचे गुण आपसांत बदलले होते, तिथे गाठ आणि तुकडाही वेगळे झालेले दिसले. विषय संपला. क्रेटन तेव्हा विद्यार्थिनी होती. मॅकक्लिंटॉकला कॉर्नेलनं कायमची प्राध्यापकी काही दिली नाही. नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, तेही दुसऱ्याच शोधासाठी. आपल्या मुंबईतही या प्रश्नावर काम झालं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. जिवाणूंमध्ये ही अदलाबदल होताना जुन्या धाग्याचा खरा तुकडा नव्यात जातो का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. पुरुषात ही अदलाबदल वयात आल्यावर सुरू होते आणि चालूच राहते. बाईचं तसं नाही. बाईची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात आणि माळांची अदलाबदल तिथेच होते. म्हणजे तुम्ही ज्या बीजापासून झालात, त्या बीजातली अदलाबदल तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हाच झालेली आहे. आणि बाईच्या बीजात ही अदलाबदल पुरुषापेक्षा जास्त होते. सरासरीनं बाईत चाळीसच्या आसपास जागी, पुरुषात पंचवीस-सत्तावीस.

मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. नेटी स्टीव्हन्स या बाईनं १९०५ सालीच किड्यांमध्ये ते दाखवलं. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, तरी पहिली मुलगी झाली की टोमणे सुनेलाच. त्यावर मी वेळ घालवत नाही.

आता कॅन्सरकडे येते. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग नावाची संशोधक १९७० च्या दशकात म्हणू लागली की काही घराण्यांत छातीचा कॅन्सर पिढ्यान्पिढ्या येतो, तेव्हा त्यामागे एखादं जनुक असलं पाहिजे. बहुतेकांचं म्हणणं होतं की एवढा गुंतागुंतीचा रोग एका जनुकानं होणं शक्य नाही. तिनं सोळा-सतरा वर्षं काम केलं. आणि तिचं हत्यार कुठलं? हीच माळांची अदलाबदल. बघा, दोन मणी माळेत लांब लांब असतील तर माळ मधे कुठेतरी तुटून ते वेगळे होण्याची शक्यता जास्त. अगदी शेजारी असतील तर पिढ्यान्पिढ्या बरोबरच राहतात. तेव्हा ओळखता येणारे मणी खूण म्हणून घ्यायचे आणि घराण्यात रोग कुठल्या खुणेबरोबर चालतो ते बघायचं. तेवीस कुटुंबं, त्यांत छातीच्या कॅन्सरच्या १४६ केसेस. ज्या घरांत कमी वयात रोग झाला होता ती घरं वेगळी काढली तेव्हा खूण सापडली, सतराव्या गुणसूत्रावर. साल १९९०. त्या जनुकाला नाव मिळालं बीआरसीए-१. प्रत्यक्ष जनुक हाती लागलं १९९४ साली, आणि दुसरं, बीआरसीए-२, त्याच्या पुढच्या वर्षी.

हे जनुक आपल्याकडे कॅन्सर करायला दिलेलं नाही, हे लक्षात घ्या. 'कॅन्सरचं जनुक' असं पेपरवाले लिहितात ते चूक. ते सगळ्यांकडे असतं, पुरुषांकडेही, आणि त्याचं काम दुरुस्तीचं आहे. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो. जाळं फाटलं तर तुमच्या घरातली माणसं काय करतात? शेजारचा धड भाग बघतात, तशाच मापाच्या गाठी मारत फाटलेला भाग भरतात. अंदाजानं दोन टोकं ओढून बांधली तर जाळं आखडतं, मासळी निसटते. पेशीही तेच करते. तुटलेल्या धाग्याशेजारी त्याचीच धड प्रत असते, तिच्यावरून बघून नेमकी दुरुस्ती करायची. बीज तयार होताना माळा ज्या यंत्रणेनं जोडल्या जातात, तीच यंत्रणा इथे दुरुस्तीला येते. बीआरसीएची दोन्ही जनुकं या कामात हातभार लावतात. एका प्रतीत जन्मतः दोष असला तरी दुसऱ्या प्रतीवर काम चालतं. पुढे छातीतल्या किंवा बीजकोशातल्या एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की नेमकी दुरुस्ती थांबते, टोकं ओढून बांधणं सुरू होतं, चुका साचतात. मग कॅन्सर. असा दोष घेऊन आलेल्या शंभर बायकांपैकी साठ-सत्तर जणींना आयुष्यात छातीचा कॅन्सर होऊ शकतो. बीजकोशाच्या कॅन्सरचा धोकाही बराच वाढतो.

मग आता सांगा, ही खोट कुठल्या घरची?

हा दोष लिंगाच्या गुणसूत्रावर नाही. तो आईकडून येतो तसाच आणि तितकाच बापाकडून येतो. बापाला बहुधा काही होत नाही, म्हणून तो निरोगी समजला जातो. त्याच्या बहिणीला म्हणजे तुमच्या आत्याला झालेला कॅन्सर कुणी तुमच्या घराण्याच्या हिशेबात धरत नाही. आजार दिसतो बाईच्या अंगावर, म्हणून तो बाईचा वारसा ठरतो. मूल कुणाचंही असो, दोष असलेल्या आईकडून किंवा बापाकडून तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. आत्या मावशीइतकीच महत्त्वाची आहे. बापाची आई आईच्या आईइतकीच. नाव, घर, जमीन हे सगळं बापाकडून घ्यायचं, आणि आजार तेवढा आईच्या खात्यावर टाकायचा? डीएनए असा हिशेब मानत नाही.

आणि हेही तितकंच खरं: छातीचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांत असा वारशानं आलेला दोष पाच ते दहा जणींत सापडतो. बाकीच्यांपैकी बहुतेकींचं घराण्याशी काही देणंघेणं नाही. भारतात २०२२ या एका वर्षात छातीच्या कॅन्सरच्या १ लाख ९० हजारांहून जास्त नव्या केसेस झाल्या असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. बायकांमधला हा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे. त्यातल्या बहुतेक जणींच्या घरात आधी कुणालाही काही नव्हतं. तेव्हा 'आमच्याकडे नाही' म्हणून निर्धास्त राहणं आणि 'तुमच्याकडे आहे' म्हणून मुलगी नाकारणं, दोन्ही अडाणीपणा.

या जनुकाचं राजकारणही झालं. ज्या अमेरिकन कंपनीनं ते शोधायच्या शर्यतीत बाजी मारली तिनं त्याची पेटंटं घेतली. म्हणजे तुमच्या अंगातल्या जनुकाची तपासणी दुसऱ्या कुणी करायची नाही, केली तर खटला. तपासणीची किंमत तीन हजार डॉलरच्या वर गेली. २००९ मध्ये डॉक्टर, शास्त्रज्ञ, रुग्ण बायका आणि संघटना कोर्टात गेल्या. त्यात बॉस्टनचं ते बायकांचं मंडळ होतं, ज्यांचं आपल्या शरीराबद्दलचं पुस्तक आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी हातोहात फिरवलेलं आहे. १३ जून २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की निसर्गात असलेल्या डीएनएवर कुणाची मालकी नाही. त्यानंतर इतर प्रयोगशाळा तपासणी करू लागल्या, किंमत उतरली. आपल्या पेटंट कायद्यातही निसर्गात सापडणाऱ्या वस्तूच्या नुसत्या शोधाला पेटंट नाही.

किंगबाईंचं आणखी एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत तरुण कार्यकर्त्यांना पळवून नेऊन मारलं, त्यांची बाळं दुसऱ्यांच्या घरी दिली. त्या बाळांच्या आज्या १९७७ पासून प्लाझा दे मायो या चौकात उभ्या राहिल्या. आईबाप जिवंत नाहीत, मग नातवंड आपलंच हे सिद्ध कसं करायचं? १९८४ पासून किंग त्यांच्या मदतीला गेली. पेशीत केंद्राबाहेर डीएनएचा एक छोटा कडीसारखा तुकडा असतो. तो फक्त आईकडून येतो आणि त्यात माळांसारखी अदलाबदल होत नाही. आईची आई, तिची मुलगी, तिचं मूल, सगळ्यांत तो जवळपास तसाच्या तसा. आज्यांच्या रक्तावरून नातवंडं सापडू लागली. आजवर एकशेतीसहून जास्त सापडली आहेत. एकच शास्त्र एका हाती बाईची बाजू घेतं आणि दुसऱ्या हाती तिच्यावर उलटतं.

उलटतं कसं, ते महाराष्ट्राला सांगायला नको. गर्भजल तपासणी गुणसूत्रांतले दोष ओळखण्यासाठी आली आणि इथे गल्लोगल्ली मुली शोधून काढण्यासाठी वापरली गेली. १९८६ साली मुंबईत बायका, डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ एकत्र आले, १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ साली झाला. कायदे होऊनही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च होत्या, २००१ साली त्या ९१३ होत्या. नवऱ्याला बायकोचा संशय आला की मुलाची डीएनए तपासणी मागायची, हेही सुरू झालं. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं एका घटस्फोटाच्या खटल्यात बजावलं की नवराबायकोच्या भांडणात लेकरांची अशी तपासणी सरसकट करायची नाही.

म्हणून बीआरसीए तपासणीबद्दल मी बोलते तेव्हा मला दोन भीती एकदम वाटतात. एक, गरज आहे तिला ती मिळणार नाही. दुसरी, उद्या लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर मुलीचा डीएनए रिपोर्टही मागतील. मुलाचा कुणी मागणार नाही, जरी तोही तेवढ्याच शक्यतेनं दोष पुढे देऊ शकत असला तरी. तुमच्या शरीरातल्या माहितीवर तुमचा हक्क आहे, सासरचा नाही, मालकाचा नाही. तपासणी करायची की नाही, निकाल कुणाला सांगायचा, हे सज्ञान बाईनं स्वतः ठरवायचं. त्या मैत्रिणीला मी हेच म्हटलं: तिकडच्यांना आधी नाही, मुलीला आधी सांग. आणि मुलालाही सांग. ती त्यांची माहिती आहे.

तपासणी कुणी करावी? सगळ्यांनी मुळीच नाही. घरात, आईकडे किंवा बापाकडे, एकापेक्षा जास्त जणींना झाला असेल, कमी वयात झाला असेल, बीजकोशाचा झाला असेल, किंवा एखाद्या पुरुषाला छातीचा झाला असेल, तर विचार करावा. होय, पुरुषांनाही होतो. शक्यतो जिला रोग झाला आहे तिचं रक्त आधी तपासतात, तिच्यात दोष सापडला तरच बाकीच्यांचं. आणि आधी समुपदेशन, मग सुई. टाटा मेमोरियलमध्ये हे समुपदेशन होतं. त्याच संस्थेचं संशोधन केंद्र आपल्या खारघरला आहे, इथून पनवेलच्या दिशेला जाताना लागतं. खाजगी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो आणि मोबाइलवर इंग्रजीत रिपोर्ट पाठवतो, त्याच्या नादी लागू नका. कारण रिपोर्टमध्ये 'बदल आहे पण अर्थ लागत नाही' असंही येतं, आणि आपल्याकडे ते जास्त येतं. जगातली तुलनेची माहिती मुख्यतः युरोपी वंशाच्या लोकांची गोळा केलेली आहे, आपली कमी. अशा अर्ध्या ओळीवरून कुणी अवयव काढून टाकायचा निर्णय घेऊ नये.

आणि रक्ताच्या तपासणीपेक्षा हाताची तपासणी आज तुमच्या जास्त उपयोगाची आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार वेळा, हातानं छाती तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शाळा शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या, तुमच्या आशाताईंसारख्या. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये छापला गेला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे तीस टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही, तेही सांगायला हवं. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत तपासणी न करता फक्त माहिती दिली गेली. याच अभ्यासात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचीही तपासणी होती, तिथे विशेष करून या गोष्टीवर आक्षेप घेतले गेले, आणि मला ते रास्त वाटतात. गरीब वस्तीतल्या बाईला 'तुलनेचा गट' म्हणून ठेवताना तिला नेमकं काय समजावलं होतं, हे विचारलंच पाहिजे. पण निकाल आपल्या हातात आला आहे, तर तो वापरायचा का नाही? मशीन नाही, वीज नाही, बायकांचे शिकलेले हात. आपल्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी ठरलेल्या दिवशी व्हावी, बाई डॉक्टर किंवा परिचारिका असावी, आडोसा असावा, एवढी मागणी घेऊन आपण जाऊ शकतो. मंडळाच्या वहीत ठराव लिहा, पुढच्या बैठकीपर्यंत सह्या गोळा करू.

आता चहा येतोय तोवर एक काम. मी कोरे कागद आणले आहेत. एका बाजूला आई, आजी, मावशा, मामा. दुसऱ्या बाजूला वडील, त्यांची आई, आत्या, काका. प्रत्येकाच्या नावापुढे कुठला आजार, कितव्या वर्षी. आत्याचं वय आठवत नसेल तर 'तुझ्या लग्नाआधी की नंतर' असं घरी विचारा, आठवतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लिहायला मी आणि कॉलेजच्या या दोन मुली बसलो आहोत. कागद तुमच्याकडेच ठेवायचा, आम्ही कुणाचाही घेणार नाही.